परिषदेत शोधनिबंध स्वीकारला गेला, पण पैसे नंतर मिळणार. आधी कोण देणार?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीचा शोधनिबंध युरोपातल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स आणि फोटॉनिक्स (प्रकाशाचं तंत्रज्ञान) यांच्या परिषदेत स्वीकारला गेलाय, आणि तोही पोस्टर नाही, तोंडी सादरीकरण. आमच्या विभागातून अशा परिषदेला जाणारी ती पहिलीच.

तिचं काम थोडक्यात सांगते. झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारांपासून ती अतिनील प्रकाश ओळखणारा डिटेक्टर बनवते. झिंक ऑक्साइडचा बँडगॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्यामुळे साधारण ३७० नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश तो शोषतो, साध्या उजेडाची त्याला फारशी दखल नसते. सिलिकॉनच्या डिटेक्टरवर यासाठी वेगळा फिल्टर बसवावा लागतो. तारा आमच्याच प्रयोगशाळेत वाढवल्या. बीकर, ओव्हन आणि संयम एवढं असलं की ते जमतं. इलेक्ट्रोडचं बारीक काम मात्र इथे होणं शक्यच नव्हतं. ते तिने पवईला आयआयटीच्या क्लीनरूममध्ये (धूळमुक्त प्रयोगशाळेत) केलं, इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅममधून. २००८ पासून आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची आयआयएससी यांच्या सुविधा या कार्यक्रमामुळे बाहेरच्या विद्यार्थ्यांना वापरता येतात. आमच्यासारख्या कॉलेजांना त्याचा किती आधार आहे, हे शब्दांत सांगणं कठीण आहे.

आता अडचण. नोंदणी, विमान, व्हिसा, विमा, राहणं-जेवण मिळून खर्च दीड लाखाच्या पुढे जातोय. प्रवासासाठी अनुदान देणाऱ्या योजना आहेत, अर्जही केलाय. पण बहुतेक ठिकाणी पैसे प्रवासाहून परत आल्यावर, पावत्या दिल्यावर मिळतात. नोंदणी शुल्क तर आत्ताच भरायचंय, सवलतीची मुदत संपत आलीय. तिच्या घरी एवढी रक्कम एकदम निघणार नाही. तिची फेलोशिपही दर महिन्याला वेळेवर येतेच असं नाही.

मला प्रश्न फक्त तिच्यापुरता विचारायचा नाही. असे विद्यार्थी पुढेही येणार आहेत. त्यांच्यासाठी कायमचं काय करता येईल? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

सांजवेळ

अभिनंदन! तिला आमच्याकडूनही सांगा. यातली माहिती मला नाही, पण धागा वाचतेय.

आयंधोवनकर

कृष्णाकाठ, मनापासून अभिनंदन. मी नेदरलँड्समध्ये फोटॉनिक चिपवर काम करतो, शिक्षण कोल्हापुरात.

पहिली गोष्ट, आजच करायची: परिषदेच्या आयोजकांना थेट ईमेल लिहा. विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच परिषदांकडे थोडे पैसे राखून ठेवलेले असतात, पण वेबसाइटवर ते कुठेतरी खाली दडलेले असतात. नोंदणी माफ होते का, स्वयंसेवक म्हणून काम केलं तर सूट मिळते का, हे स्पष्ट विचारा. विचारण्यात कमीपणा अजिबात नाही. आयोजक स्वतः प्राध्यापक असतात, त्यांनाही चांगले विद्यार्थी हवे असतात.

ऑप्टिका, म्हणजे २०२१ पर्यंत ऑप्टिकल सोसायटी नावाने ओळखली जाणारी संस्था, तसंच एसपीआयई (प्रकाशविज्ञानाचीच आणखी एक संस्था) आणि आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेची फोटॉनिक्स सोसायटी यांच्याकडेही विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी अनुदानं असतात. साधारणपणे आधी सभासद व्हावं लागतं. विद्यार्थ्यांची वर्गणी कमी असते. कॉलेजात या संस्थांची विद्यार्थी शाखा निघाली तर आणखी दारं उघडतात.

दुसरी गोष्ट: नोंदणी भरण्याआधी नियम नीट वाचा. काही परिषदांत प्रत्येक शोधनिबंधामागे निदान एक पूर्ण दराची नोंदणी लागते, विद्यार्थी दराची चालत नाही. ही बाब उशिरा कळली तर सगळं अंदाजपत्रक कोलमडतं. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळतं का, हेही लेखी विचारून घ्या.

हिशेबनीस

मी सी.ए. आहे. एका शैक्षणिक ट्रस्टचे हिशेब बघतो, म्हणून कागदांबद्दल लिहितो. इथेच बहुतेकांचे पैसे अडकतात.

केंद्र सरकारकडे पूर्वीच्या एसईआरबी या संशोधनाला निधी देणाऱ्या मंडळाची, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची, आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजना आहे. सरकारी निधीतून विमानभाडं घ्यायचं असेल तर तिकीट साधारणपणे बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढावं लागतं. दुसऱ्या संकेतस्थळावर चार हजारांनी स्वस्त दिसलं म्हणून तिथून काढलं आणि दावाच नामंजूर झाला, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. तेव्हा आधी मंजुरीपत्रातली अट वाचायची, मग तिकीट. जाताना-येतानाचे बोर्डिंग पास जपून ठेवायचे, फोनवर असतील तर त्यांची छायाचित्रं घ्यायची. शुल्काची पावती मुलीच्या नावाने हवी, मार्गदर्शकांच्या नव्हे. परकीय चलनात भरणा झाल्याचा बँकेचा पुरावा वेगळा ठेवायचा. परिषदेत सादरीकरण केल्याचं प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी मागून घ्यायचं, नंतर ईमेलवर मागत बसायचं नाही.

आणखी एक. युरोचं शुल्क भरायला आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड लागतं. विद्यार्थ्यांकडे ते नसतं. मार्गदर्शकाने स्वतःच्या कार्डाने भरलं तर कुणी कुणाला किती दिले, याचं साधं पत्र त्याच दिवशी करून दोघांनी सही करावी.

कृष्णाकाठ

हिशेबनीस, हे सगळं छापून विभागात लावणार आहे. कार्डाचा प्रश्न अगदी खरा आहे.

माळरान

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. बारा-पंधरा मिनिटं बोलण्यासाठी दीड लाख खर्च करणं योग्य आहे का? तेवढ्यात प्रयोगशाळेत एक चांगला यूव्ही दिवा आणि मोजमापाचं उपकरण येईल, आणि ते दहा मुलांच्या कामी येईल. शोधनिबंध चांगल्या नियतकालिकात छापला की जगाला कळतंच. आता परिषदा ऑनलाइनही होतात. लहान कॉलेजांनी पैसा कुठे घालावा, हा विचार व्हायला हवा.

आयंधोवनकर

माळरान, प्रश्न योग्य आहे आणि उपकरणाचा मुद्दा मला मान्य आहे. पण ऑनलाइन परिषदेत काय हातातून जातं ते सांगतो. सादरीकरण तिथेही होतं. चहाच्या वेळेत जे होतं, ते मात्र होत नाही. ज्यांचे शोधनिबंध वाचून आपण काम शिकलो, ते समोर उभे असतात. आणि आपल्याकडे ज्या चुका कुणाला दिसत नाहीत, त्या त्यांना पाच मिनिटांत दिसतात. नियतकालिकाचा परीक्षक हे सहा महिन्यांनी सांगतो, कधी सांगतही नाही. पोस्टडॉकच्या (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या) जागा, एखाद्या गटाकडून नमुने मोजून मिळणं, या गोष्टीही तिथेच ठरतात.

प्रवासाचंच म्हणाल तर रामन १९२१ मध्ये ऑक्सफर्डला विद्यापीठांच्या परिषदेला गेले होते. येताना नरकुंडा जहाजावरून त्यांनी भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहिला, आणि त्यावरचं पत्र जहाज मुंबई बंदरात असतानाच 'नेचर'साठी लिहिलं. आकाशाचं प्रतिबिंब म्हणून समुद्र निळा, हे तोवरचं उत्तर त्यांना पटलं नव्हतं. पाण्यातच प्रकाश विखुरतो, हे त्यांनी दाखवलं. त्याच वाटेने पुढे १९२८ चा शोध आणि १९३० चं नोबेल आलं. कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पाठवलं नसतं तर, असा विचार मनात येतोच.

माळरान

मान्य. ऑनलाइनबद्दलचा मुद्दा पटला. फक्त 'परदेश' या शब्दापायी देशातल्या चांगल्या परिषदा मागे पडू नयेत, एवढंच म्हणणं.

पवईची_वाट

माळरान यांच्या या शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. मी स्वतः छोट्या गावातून येऊन नॅनोइलेक्ट्रॉनिक्समध्ये पीएच.डी. केली.

माझं ठाम मत आहे की पहिली परिषद देशातलीच असावी. सेमिकंडक्टर डिव्हाइसवरची आयडब्ल्यूपीएसडी ही कार्यशाळा अनेक वर्षांपासून दर दोन वर्षांनी भरते. आयईईईची इमर्जिंग इलेक्ट्रॉनिक्सवरची आयसीईई परिषदही दर दोन वर्षांनी असते. रेल्वेने जाता येतं, व्हिसा नाही, वसतिगृहात सोय होते. आणि तिथे येणारे परदेशी पाहुणे तेच असतात, ज्यांना भेटायला आपण लाखभर खर्च करून जातो. देशातल्या परिषदेत एकदा घाम फुटला की बाहेर गेल्यावर पाय लटपटत नाहीत.

आणि ज्यांना बाहेर जायचंच आहे, त्यांच्यासाठी फारशी माहीत नसलेली एक जागा: इटलीत त्रिएस्ते इथलं आयसीटीपी. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेली ही संस्था मुख्यतः विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांसाठी आहे. तिथे दरवर्षी हिवाळ्यात ऑप्टिक्सचं विंटर कॉलेज होतं. नोंदणी शुल्क नसतं आणि निवडलेल्यांपैकी काहींना प्रवास व राहण्याचा खर्चही मिळतो. माझ्या माहितीतल्या कितीतरी मुलांचा पहिला पासपोर्ट शिक्का त्रिएस्तेचा आहे.

सांजवेळ

व्हिसाचं माझ्याकडून. आमच्या घरी नुकतंच करून झालं. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, अगदी उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर अजिबात जाऊ नका, भेटीची वेळच मिळत नाही. जून २०२४ पासून शुल्क ९० युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवा शुल्क वेगळं. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा. मुलीच्या खात्यात पैसे कमी दिसत असतील तर खर्च कोण करणार आहे, त्याचं कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र जोडा. आयोजकांचं निमंत्रणपत्र तर हवंच.

कृष्णाकाठ

किती छान मुद्दे येताहेत! आयोजकांना ईमेल केलं. त्यांनी विद्यार्थी अनुदानाचा अर्ज पाठवलाय. पवईची_वाट, त्रिएस्तेचं मला खरंच माहीत नव्हतं.

मधल्या काळात मला मुख्य प्रश्न जास्त स्पष्ट झालाय. पैसा नाही असं नाही. तो येतो, पण उशिरा. मुलांना अनुदानापेक्षाही तीन-चार महिन्यांसाठी हातात रोख रक्कम हवी असते. ती नसली की मुलं नातेवाइकांकडून किंवा सोनं ठेवून पैसे उभे करतात, नाहीतर "नको मॅडम, पुढच्या वर्षी बघू" म्हणतात. पुढच्या वर्षी तो निबंध जुना झालेला असतो. म्हणून आमच्या माजी विद्यार्थी संघातर्फे एक फिरता निधी काढावा असं डोक्यात आहे. आधी पूर्ण खर्च बिनव्याजी द्यायचा, अनुदान जमा झालं की तेवढं परत घ्यायचं. हिशेबनीस, हे बसतं का कायद्यात?

न्यूजर्सीतला_सांगलीकर

मला या निधीत पैसे घालायचे आहेत. कसे पाठवायचे ते सांगा. मीही तुमच्याच भागातला.

हिशेबनीस

दोघांना एकत्र उत्तर देतो.

संघ नोंदणीकृत असेल, त्याच्या घटनेत विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहाय्य हा उद्देश असेल, तर असा निधी ठेवता येतो. वेगळं बँक खातं, वेगळी नोंदवही, ठरावाची प्रत. ८०जी असेल तर देणगीदारांना करसवलतीचा विचार करता येईल. बिनव्याजी उचल द्या, पण ती लेखी असू द्या: किती दिले, कशासाठी, कधी परत. जामीनदार मागू नका. जामीनदार मागितला की ज्यांच्यासाठी निधी आहे तेच गळतात.

परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत फार जपून. तुम्ही अजून भारतीय नागरिक असाल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असाल, तर ते एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्याखाली परकीय योगदान धरलं जात नाही. पण अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी, ते परकीय योगदान होतं. संघाकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक रुपयाही घेता येत नाही. तेव्हा पासपोर्ट कोणता, हे आधी सांगा. संघानेही देणगीदाराकडून ते लेखी घ्यावं.

न्यूजर्सीतला_सांगलीकर

भारतीय पासपोर्टच आहे अजून. तसं लेखी देतो.

पवईची_वाट

नियमावली करताना एक गोष्ट घाला: अनुदान नामंजूर झालं किंवा कमी मिळालं, व्हिसा मिळाला नाही, तर उरलेली रक्कम विद्यार्थ्याकडून मागायची नाही, ती निधीचा खर्च धरायची. नाहीतर मुलं भीतीपोटी उचलच घेणार नाहीत. माझ्यासोबतच्या एका मुलाचा दावा एका सरकारी कार्यालयात वर्षभर पडून होता. त्या वर्षात तो किती ताणाखाली होता, ते आम्ही पाहिलंय. पीएच.डी.चा विद्यार्थी परिषदेहून कर्ज घेऊन परत येऊ नये.

आणि कुठल्या परिषदेला पैसे द्यायचे, हे ठरवणारे दोन-तीन जाणकार हवेत. "आपल्या महान संशोधनाने आम्ही प्रभावित झालो" अशी ईमेल पाठवून दोन दिवसांत निबंध स्वीकारणाऱ्या परिषदांचा सुळसुळाट आहे. बँकॉक, दुबई, पर्यटनाची सोय, आणि शुल्क मात्र भरमसाट. मागच्या वर्षांचे निबंध आयईईई एक्सप्लोरवर किंवा एसपीआयईच्या ग्रंथालयात खरोखर दिसतात का, कार्यक्रम समितीतल्या लोकांच्या स्वतःच्या पानावर त्या परिषदेचा उल्लेख आहे का, एवढं पाहिलं तरी बहुतेक बनावट परिषदा ओळखू येतात.

आयंधोवनकर

पैशाचं मार्गी लागतंय, तर आता तिच्या तयारीकडे वळू. मी आणि माझे दोन सहकारी तिचं सादरीकरण ऑनलाइन ऐकायला तयार आहोत. प्रश्न आम्ही अगदी परिषदेतल्यासारखे विचारू. त्यातले काही आत्ताच सांगतो.

३६५ नॅनोमीटरला तिच्या डिटेक्टरची रिस्पॉन्सिव्हिटी, म्हणजे दर वॅट प्रकाशामागे मिळणारा विद्युतप्रवाह, किती? प्रत्येक फोटॉनमागे एकच इलेक्ट्रॉन धरला तर कमाल किंमत ३६५ भागिले १२४०, म्हणजे सुमारे ०.२९ अँपियर प्रति वॅट. तिचा आकडा याहून जास्त असेल तर गेन आहे, म्हणजे एका फोटॉनमागे एकाहून जास्त इलेक्ट्रॉन. तो कुठून येतो, हे तिला सांगता आलं पाहिजे. प्रकाशाची तीव्रता कशाने मोजली, आणि प्रकाश पडलेलं क्षेत्रफळ कुठलं धरलं? पूर्ण नमुन्याचं की इलेक्ट्रोडमधल्या फटीचं? इथे बरेच लोक अडकतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचा: प्रकाश बंद केल्यावर विद्युतप्रवाह खाली यायला किती वेळ लागतो, आणि हे मोजमाप हवेत केलं की निर्वातात?

कृष्णाकाठ

शेवटच्या प्रश्नावर ती दोन दिवस बसून होती. तिचे सगळे आलेख हवेतले. झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. अतिनील प्रकाशाने तयार झालेली होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागा) पृष्ठभागाकडे जाऊन त्याला सोडवतात आणि प्रवाह वाढतो. प्रकाश बंद झाला की ऑक्सिजन पुन्हा हळूहळू चिकटतो, म्हणून प्रवाह सावकाश उतरतो. हे सगळं तिला माहीत होतं, पण स्वतःच्या नमुन्यावर तपासलेलं नव्हतं. पवईला निर्वात प्रोब स्टेशनवर वेळ मिळाला. निर्वातात प्रवाह कितीतरी जास्त वेळ वर टिकून राहिला. ती स्लाइड आता सादरीकरणात मधोमध आहे, आणि बोलताना तिचा आवाज तिथे सगळ्यात ठाम येतो.

निधीचा ठराव संघाच्या बैठकीत मंजूर झाला. पवईची_वाट यांची उरलेली रक्कम न मागण्याची अट जशीच्या तशी घेतली. पहिली उचल तिलाच. नोंदणी भरली, सवलतीच्या दरात.

रानफूल_२१

नमस्कार. मी टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विदर्भात. आमच्याकडे क्लीनरूम काय, चांगला मायक्रोस्कोपही नाही. माझ्यासारख्यांनी परिषदेची स्वप्नं बघावीत का? मनापासून विचारतेय.

पवईची_वाट

नक्की बघावीत. सुरुवात संगणकावरून कर. पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅनोहबवर ट्रान्झिस्टर, नॅनोतारा, सौरघट यांची सिम्युलेशनं ब्राउझरमध्येच फुकट चालतात. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम सर्किटसाठी आहे. युजर्स प्रोग्रॅममध्ये नवख्यांसाठी ओळख करून देणाऱ्या कार्यशाळाही होतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. त्यातून एक छोटा, पण स्वतःचा प्रश्न सापडला की देशातल्या परिषदेत पोस्टर पाठवता येतं.

आयंधोवनकर

रानफूल, प्रकाशाकडे ओढा असेल तर मीप शिक. प्रकाश कसा वाहतो याचं सिम्युलेशन करणारं, एमआयटीत तयार झालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, पायथनमधून चालतं, साध्या लॅपटॉपवर लहान गणितं होतात. पहिलं गणित देतो: ५०० नॅनोमीटर रुंद, २२० नॅनोमीटर जाड सिलिकॉनची वेव्हगाइड (प्रकाश वाहून नेणारी पट्टी), भोवती सिलिकॉन डायऑक्साइड, प्रकाश १५५० नॅनोमीटरचा. त्यातला मुख्य मोड, म्हणजे प्रकाश त्यातून कसा पसरून वाहतो ती मूळ रचना, काढ आणि किती प्रकाश सिलिकॉनच्या बाहेर वाहतो ते बघ. मग रुंदी ३०० कर आणि तेच पुन्हा कर. कोड इथेच टाक, आपण सगळे मिळून बघू.

रानफूल_२१

मीप इन्स्टॉल करतेय. विंडोजवर थेट होत नाहीये, काय करू?

आयंधोवनकर

विंडोजमध्ये आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) चालू कर, त्यात उबुंटू हे लिनक्स घे, मग कोंडा या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनामधून पायमीप. अडलीस तर एरर जशीच्या तशी चिकटव.